काकांच्या वहीतला तिसरा रकाना

मागच्या वर्षीच्या मार्चमधला शेवटचा शनिवार, सकाळचे अकरा. रक्कम अठरा हजार रुपये. हजर: मी, आमच्या केंद्रात काम करणाऱ्या सहा जणी आणि काका. जागा शहापुरातल्या आमच्या घराची माडी, जिथे सात संगणक आणि दोन पंखे आहेत. प्रश्न एका वाक्याचा होता. ते वाक्य बरोबर म्हटलं तर अठरा हजार मिळणार होते, नाही म्हटलं तर काहीच नाही.

काकांचा विषय निघाला की मला हा शनिवार आधी आठवतो. पण त्याआधी आमचं काम काय होतं ते सांगायला हवं.

पुण्याची एक कंपनी संगणकाला वाचायला शिकवत होती. म्हणजे अक्षरं ओळखायला नव्हे, ते त्याला येतंच. इंटरनेटवर मराठीत जे जे लिहिलेलं आहे ते तो रात्रंदिवस वाचायचा आणि त्यातून ज्ञान म्हणून एकेक छोटं वाक्य बाजूला काढायचा. ‘नाचणी हे धान्य आहे.’ ‘मुरबाड हे तालुक्याचे ठिकाण आहे.’ वाक्याखाली ते किती पानांवर सापडलं तो आकडा असायचा. आमच्याकडच्या बायकांनी त्या वाक्यापुढे तीनपैकी एक बटण दाबायचं: बरोबर, चूक, सांगता येत नाही. जे बरोबर ठरेल ते धरून संगणक पुढचं शिकणार. प्रत्येक वाक्य दोघींकडे जायचं. दोघींचं जुळलं नाही तर ते माझ्याकडे यायचं. एकदा तपासायचे पंचाहत्तर पैसे. बारा हजार वाक्यांचा एक गठ्ठा, दोनदा तपासून चोवीस हजार वेळा, म्हणजे अठरा हजार रुपये. जागेचं भाडं आणि वीज मला वेगळी मिळायची.

जाहिरात वाचून काका आले तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, पिशवीत एक भिंग आणि पाठपोट लिहिलेली लांबट वही. मूळचे मुरबाड तालुक्यातले, पण नोकरी सगळी भातसानगरला झालेली. धरणाच्या पाण्याची पातळी पट्टीवर वाचायची आणि रजिस्टरमध्ये लिहायची, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं.

मी विचारलं, “संगणक येतो का?”

“बटणं तीनच हायत म्हणालात ना. तीन येतील.”

मी त्यांना घेतलं, कारण सातवी खुर्ची रिकामी होती. खरं कारण एवढंच.

पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर वाक्य आलं, ‘भातसा धरण मुंबईला पाणी पुरवते.’ शेजारच्या मुलीची चाळीस वाक्यं झाली तरी काका त्याच वाक्यावर. मी जवळ गेले.

“काका, यात काय अडलं? तुमचंच धरण आहे.”

“धरण माझं हाय. पाणी सोडलेलं मी बघितलंय. पण मुंबईत नळाला आलेलं बघितलं का, ते आठवतोय.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “बघितलंय. भाचीच्या घरी, घाटकोपरला.” आणि बरोबर दाबलं.

पुढे अशाच एका वाक्यात सिद्धगडच्या जंगलात बिबटे आहेत असं आलं. त्या रानाच्या पायथ्याशी त्यांची सासुरवाडी. काकांनी दाबलं, सांगता येत नाही. सगळ्या जणी हसल्या.

“काका, तुमच्या सासऱ्यांची शेळी नेली होती ना बिबट्यानं?”

“शेळी गेली ते बघितलं. पाऊल बघितलं. बिबट्या नाय बघितला.”

“मग काय शेळी आपण होऊन गेली?”

“ते शेळीला इचारा.”

आमच्या बायका त्यांची थट्टा करायच्या आणि ते करू द्यायचे. बाहेर पत्रा वाजत असला तरी कोणी मुद्दाम विचारी, “काका, पाऊस पडतोय का ओ?” काका उठायचे, खिडकीतून हात बाहेर काढायचे, आत घेऊन बघायचे आणि म्हणायचे, “पडतोय.” जेवलात का विचारलं तर डबा उघडून दाखवायचे. आकडा लिहिण्याआधी तो मोठ्यानं म्हणायची सवय धरणावरची होती. त्यामुळे दिवसभर माडीवर त्यांचा आवाज असायचा: “पानं अकरा. बघणारे शून्य.”

बाकीच्या जणी दिवसाला सव्वातीनशेच्या आसपास वाक्यं तपासायच्या. काकांची नव्वदही व्हायची नाहीत. एकदा मी त्यांना त्यांच्या कमाईचा हिशेब करून दाखवला. दिवसाला पासष्ट रुपये, त्यात जीपचं जाण्यायेण्याचं भाडं. त्यांनी आकडे तपासले, माझी एक वजाबाकी दुरुस्त केली आणि पुन्हा कामाला बसले.

या मंद गतीमागे एक गोष्ट होती आणि ती ते कोणालाही सांगायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सकाळी त्यांना ताप होता. पट्टीपर्यंत न जाता त्यांनी अंथरुणातूनच अंदाजानं आकडा लिहून दिला. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर अंदाज चुकलेला. फरक थोडाच होता, कोणाच्या लक्षात आला नाही, काही बिघडलंही नाही.

“पण त्या आकड्यावरनं लोकांनी दुसऱ्या दिवशीचा हिशेब केला,” काका म्हणायचे. “एक खोटा आकडा एकटा राहत नाय, ताई. त्याला पोरं होतात.”

त्यांचे वडील छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेले. घरात शिकवण अशी, की दहा जण म्हणतात म्हणून मानायचं नाही आणि पोथीत आहे म्हणूनही मानायचं नाही. आपण बघून, तपासून मग मानायचं. ते सांगताना काका आवाज चढवायचे नाहीत. जेवणानंतर हात धुवावेत तितक्या साधेपणानं सांगायचे.

त्यांच्या वहीत तीन रकाने होते. पहिल्यात वाक्य, दुसऱ्यात ते किती पानांवर सापडलं ते, आणि तिसऱ्याचं नाव ‘कोणी बघितलं’. तिसरा रकाना बहुतेक रिकामाच. आमच्या कामाला या वहीची काही गरज नव्हती. पण ती त्यांनी एक दिवसही बंद ठेवली नाही.

आता तो शनिवार. प्रत्येक गठ्ठ्यात कंपनी दोनशे परीक्षेची वाक्यं लपवून ठेवायची. त्यांची उत्तरं कंपनीकडे आधीच असायची. आमची किमान एकशे नव्वद, म्हणजे पंच्याण्णव टक्के, जुळली पाहिजेत, नाहीतर सगळ्या गठ्ठ्याचे पैसे नाहीत, अशी अट मी सही करून मान्य केली होती. त्या गठ्ठ्यात आमची एकशे एकोणनव्वद जुळली. चुकलेल्या अकरांची यादी आली. दहा चुका उघड आमच्याच होत्या, दोघींनीही घाईत सारखंच बटण दाबलेल्या. अकरावं वाक्य होतं, ‘कुसुंबपाडा हे ओसाड गाव आहे.’ बावीस पानांवर सापडलेलं. कंपनीचं उत्तर बरोबर. आमचं, सांगता येत नाही.

ते वाक्य सुरेखा आणि काका अशा दोघांकडे गेलं होतं. सुरेखानं बरोबर म्हटलं होतं, काकांनी सांगता येत नाही. जुळलं नाही म्हणून माझ्याकडे आलं, आणि काकांनी त्यावर दीड दिवस घालवलेला मला माहीत होता म्हणून मी त्यांचं उत्तर कायम केलं. खरं सांगायचं तर मी त्यांच्या दीड दिवसाला मान दिला, उत्तराला नव्हे.

दोघींचं न जुळून माझ्याकडे आलेलं उत्तर तेवढं बदलायला सात दिवसांची मुभा होती, आणि अकरांत तसं हे एकच होतं. एक बटण दाबलं की एकशे नव्वद. मी सगळ्यांना एकत्र बसवून हे सांगितलं.

सुरेखाच आधी बोलली. डोळखांबकडची, बावीस वर्षांची, शहापुरात मावशीकडे राहून शिकणारी. तिचे दोन हजार नऊशे पंचवीस रुपये या गठ्ठ्यात होते आणि त्यात तिची परीक्षेची फी होती.

“दाबा ना ताई बरोबर. बावीस पानांवर हाय ते.”

“काका, एका वाक्यापायी सहा घरांचे पैसे?” दुसरी म्हणाली.

काका म्हणाले, “माझ्या वाट्याचे सातशे ऐंशी मी पदरचे देतो, तुमी वाटून घ्या.”

“सातशे ऐंशीत काय होतंय, काका?”

“काय नाय होत,” काका म्हणाले. “ते मला पण कळतं.” मग त्यांनी वही उघडली आणि वाचून दाखवलं. बावीस पानं त्यांनी एकेक करून उघडली होती. सतरा पानांवर फोटो एकच. उरलेल्या पाचांवर फोटो नाही, पण मजकूर तोच. सगळ्यांच्या मागे जाता जाता एक पान सर्वांत जुनं निघालं. कोणी डोंगर चढायला आलेला मुलगा थंडीत त्या पाड्यावरून गेला होता. त्यानं लिहिलं होतं, ‘दोन तासांत एकही माणूस भेटला नाही.’

“त्यानं ओसाड लिवलंच नाय,” काका म्हणाले. “बघितलं तेवढंच लिवलं. तो आमच्या खात्यातला माणूस. ओसाड लिवलं ते त्याचं वाचून दुसऱ्यानं. मग त्याचं वाचून तिसऱ्यानं. बावीस जणांनी लिवलंय, बघितलंय एकानं.”

बोलता बोलता त्यांनी तो फोटो पडद्यावर मोठा केला. कुडाच्या भिंती, बंद दार, दाराला आडवं लावलेलं काटेरी झुडूप. चौकटीवर चुन्यानं काढलेला एक वेडावाकडा मोर.

सुरेखा खुर्चीतून उठली आणि पडद्याजवळ गेली.

“हा मोर मी काढलाय,” ती म्हणाली. “चौथीत असताना. हे आमचं दार हाय.”

सगळ्या जणी पडद्याभोवती गोळा झाल्या. मग मीच विचारलं, “सुरेखा, कुसुंबपाडा तुमचा? मग तू बरोबर कसं दाबलंस?”

“तुमीच सांगितलंत ना ताई, पानात असंल ते धरायचं. मला वाटलं, दुसरा कुठला कुसुंबपाडा असंल.” ती मोराकडे बघत म्हणाली, “आमच्या पाड्याबद्दल कोण कशाला लिवील?”

तो नियम मी सांगितलेला होता. कंपनीनं मला सांगितला, मी त्यांना. नियमाप्रमाणे ती बरोबर होती आणि काका चूक.

मी काकांकडे वळले. “आता तरी चूक दाबू या ना? तिचंच गाव आहे.”

“ती शेवटची कधी गेलती?”

“दिवाळीला,” सुरेखा म्हणाली.

“मग आता मार्च हाय. जाऊन बघू.”

रविवारी आम्ही तिघं गेलो. डोळखांबपर्यंत जीप, पुढे पाऊण तास चालत. पाड्यावर पोहोचलो आणि मला वाटलं, आपण हरलो. घरामागून घर बंद, दारांना काटे लावलेले. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मीही दोन तास बसले असते तर त्या मुलासारखंच लिहिलं असतं. काका प्रत्येक घरापुढे थांबून आकडा मोठ्यानं म्हणत होते. घरं अडतीस. उघडी नऊ. त्या नवांत सगळी म्हातारी माणसं.

सुरेखाची आजी ओटीवर शेंगा सोलत होती; फोटोतलं मोराचं दार आता उघडं होतं, रानात जाताना तेवढे ती काटे लावायची. काकांनी आपलं नाव, गाव सांगितलं आणि विचारलं, “बाकीची माणसं कुठं गेली, आजी?”

“भट्टीवर गेलीत. वीटभट्टीवर. दिवाली झाली का जातात.”

“येणार का?”

आजीनं त्यांच्याकडे असं बघितलं की माणूस शिकलेला दिसतो, मग हे काय विचारतो. तिनं हातानं खालची खाचरं दाखवली.

“राब कोनासाठी भाजलाय मग?”

पिवळ्या पडलेल्या खाचरांत काळे चौकोन दिसत होते. पावसाआधी ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची, तिथं शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून जाळतात, तो राब. आपल्या घराचा राब त्या नऊ घरांतल्या म्हाताऱ्यांनी भाजलाच होता, आणि गेलेल्यांचेही भाजले होते. कोणता तुकडा कोणाचा हे आजी बसल्या जागेवरून बोट करून सांगत गेली, सुरेखा घराचं नाव म्हणत गेली, काका लिहीत गेले. राब पस्तीस.

“अडतीस घरं, पस्तीस राब,” काका मला म्हणाले. “ओसाड गावात कोण राब भाजतं का, ताई? लिवा आता चूक.”

त्या वाक्यापुढचा तिसरा रकाना आता भरला. तिथं आजीचं नाव लिहून त्यांनी तिच्याकडून अंगठा घेतला. पॅडची शाई नव्हती. आजीनं राबाच्या राखेत अंगठा बुडवला.

सोमवारी मी उत्तर बदलून ‘चूक’ केलं आणि सोबत राबांचे फोटो, मोराचा फोटो आणि काकांच्या वहीचं पान पाठवलं. पुण्याच्या कंपनीत आमचं काम बघणाऱ्या मॅडमचा फोन आला. बाई चांगल्या होत्या, पण कामात होत्या.

“ताई, आमच्या नोंदीत बावीस संकेतस्थळं आहेत.”

मी फोन काकांना दिला.

“मॅडम, बावीस जणांनी बघितलंय, का बावीस जणांनी ऐकलंय?”

 मग त्या म्हणाल्या, वर विचारते.

बुधवारी उत्तर आलं: हे वाक्य वादग्रस्त असल्यानं परीक्षेतून वगळत आहोत. मी लगेच कागदावर भागाकार केला. एकशे नव्याण्णवपैकी एकशे एकोणनव्वद. चौऱ्याण्णव पूर्णांक सत्त्याण्णव शतांश टक्के. हवे होते पंच्याण्णव. तीन शतांशानं आम्ही नापास. इतका चिडवणारा भागाकार मी आयुष्यात केला नव्हता.

मी मॅडमना फोन लावून हात जोडूनच सांगायच्या बेतात होते, की तीन शतांश सोडून द्या. काकांनी फोन मागितला. पैशाचं ते काही बोललेच नाहीत.

“वाक्य काढू नका, मॅडम. दुरुस्त करा. तुमी परीक्षेतनं काढलंत तरी त्या यंत्राच्या डोक्यात ते ऱ्हायलंच ना? त्या वाक्याला पोरं झालीत का ते बघा.”

“पोरं म्हणजे?”

काकांनी त्यांना तापाच्या दिवशीची गोष्ट सांगितली. सगळी, सुरुवातीपासून. नऊ मिनिटं. मी घड्याळ बघत होते.

शनिवारी, सातव्या दिवशी, मॅडमचा पुन्हा फोन आला. त्यांनी शोधलं होतं. कुसुंबपाडा ओसाड हे खरं धरून संगणकानं आपल्या आपण आणखी सात वाक्यं शिकून ठेवली होती. तिथं लोकसंख्या शून्य आहे. तिथं शाळा नाही. तिथं शेती होत नाही. अशी सात. कोणी कधीही न लिहिलेली. ती सातही काढली, मूळ वाक्य चूक ठरवलं आणि परीक्षेचं उत्तर दुरुस्त केलं. दोनशेपैकी एकशे नव्वद. बरोबर पंच्याण्णव.

सुरेखानं पेढे आणले. काकांनी पेढा हातात घेऊन विचारलं, “मॅडमनी दुरुस्त केलं, ते कोणी बघितलं?” मला संगणक उघडून दाखवावं लागलं. मग त्यांनी पेढा खाल्ला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते एकटेच पुन्हा कुसुंबपाड्याला जाऊन आले. कशाला, विचारलं तर म्हणाले, “येणार असं आपण म्हटलंय. आले का ते नको बघायला?” पस्तीसपैकी चौतीस घरं उघडली होती. “एकाचं माहीत नाय,” असं त्यांनी वहीत लिहिलं, आणि तो माझा त्यांच्याबद्दलचा आदर कायमचा पक्का करणारा आकडा ठरला. दुसऱ्या कोणीही पस्तीस लिहिले असते.

त्या दिवाळीनंतर त्यांचं काम थांबलं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. एका सकाळी भिंग लावूनही ओळ दिसेना तेव्हा त्यांनी शेजारच्या सुरेखाला ती वाचायला सांगितली. तिनं वाचली. काकांनी बटणाकडे हात नेला, मागे घेतला, आणि संगणक बंद केला. “आता मी ऐकून लिवणार,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. मी ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाले, करीन. वही मात्र माझ्याकडे ठेवून गेले. आता आमच्या केंद्रात सगळ्या जणी तिसरा रकाना ठेवतात. दिवसाला सव्वातीनशे होत नाहीत, अडीचशे होतात. कंपनीनं अजून तक्रार केलेली नाही.

त्या गठ्ठ्याचे अठरा हजार एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आले. सहा जणींना मिळून सतरा हजार दोनशे वीस, त्यात सुरेखाचे दोन हजार नऊशे पंचवीस. काकांना सातशे ऐंशी. कुसुंबपाड्याच्या वाक्याचे पंचाहत्तर पैसे आपले नव्हेत, ज्यांनी बघून सांगितलं त्यांचे आहेत, असं काकांचं म्हणणं पडलं. पंचाहत्तर पैसे सुटे कुठून आणणार? म्हणून जूनमध्ये गेले तेव्हा त्यांनी एक रुपया नेला. आजीनं विचारलं, हा कशाचा. काका म्हणाले, “तुमी हायत असं सांगितलंत, त्याचा.”

वहीत तशी नोंद आहे. रुपया एक, सुरेखाच्या आजीस पोचला. पुढे अंगठा, या वेळी चिखलाचा.